यादी, रचना आणि दोष : ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’चे पुनर्वाचन

प्रस्तावना

उपचार घेताना रुग्णाला होणारी इजा हा विषय दीर्घकाळ दोनच ठिकाणी बोलला जात असे : न्यायालयात आणि डॉक्टरांच्या आपसातील खाजगी गप्पांत. तो सार्वजनिक चर्चेत आणण्याचे श्रेय अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ या संस्थेच्या ‘टु अर इज ह्यूमन’ या १९९९ सालच्या अहवालाकडे जाते. अमेरिकेतील रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० रुग्ण टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दगावतात, हा त्यातील अंदाज जगभर गाजला. या अंदाजामागील गणितावर पुढे पुष्कळ वाद झाले. तथापि अहवालाचे खरे महत्त्व आकड्यात नव्हते. चुकीच्या मुळाशी वाईट माणूस नसतो, चुकीला वाट करून देणारी व्यवस्था असते, ही भूमिका त्याने वैद्यकाच्या दारात आणून ठेवली.

ही भूमिका वैद्यकाची स्वतःची नव्हे. विमानविद्या, अणुऊर्जा प्रकल्प, रासायनिक कारखाने यांच्या अनुभवातून आकाराला आलेल्या ‘मानवी घटक अभियांत्रिकी’ या शास्त्राची ती देणगी आहे. माणसाचे अवधान तुटते, स्मृती दगा देते, थकलेला डोळा जे अपेक्षित असते तेच पाहतो. हे सारे गृहीत धरून साधने, जागा, कामाचा क्रम आणि अधिकारांची वाटणी यांची रचना करणे हे या शास्त्राचे काम होय. माणसाला कामाजोगे घडवण्यापेक्षा काम माणसाजोगे घडवावे, असा त्याचा आग्रह सांगता येईल.

या विचाराचे सर्वाधिक वाचले गेलेले लोकाभिमुख रूप म्हणजे डॉ. अतुल गावंडे यांचे ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ (२००९) हे पुस्तक. बॉस्टन येथील शल्यचिकित्सक आणि नामवंत लेखक असलेल्या गावंडे यांचे मूळ घराणे यवतमाळ जिल्ह्यातील उटी या गावचे. उमरखेड येथील महाविद्यालय त्यांच्या आजीच्या, गोपिकाबाईंच्या, नावाने उभे आहे. मराठी वाचकाला त्यांच्याविषयी वाटणारी आपुलकी त्यामुळे स्वाभाविक आहे. ती बाजूला ठेवून या पुस्तकाकडे पाहण्याची वेळ आता आली आहे. त्याच्या प्रकाशनानंतरच्या वर्षांत त्यातील प्रतिपादनाची कॅनडापासून उत्तर प्रदेशापर्यंत प्रत्यक्ष परीक्षा झाली आहे. पुस्तकाने ज्या यादीला नायकपद दिले, तिच्या यशाची खरी कारणे पुस्तकातच नोंदवलेली आहेत, मात्र ती यादीबाहेरची आहेत. आणि ज्या ‘अकौशल्या’वर उपाय म्हणून यादी पुढे केली जाते, ती संकल्पनाच मानवी घटकांच्या विचाराशी विसंगत आहे. प्रस्तुत लेखाचा रोख या दोन गोष्टींवर आहे.

एकाच विमानाच्या दोन कथा

पुस्तकातील गाजलेली कथा १९३५ सालची आहे. अमेरिकेतील डेटन येथे बोइंग कंपनीच्या ‘मॉडेल २९९’ या चार इंजिनांच्या नव्या बॉम्बफेकी विमानाचे चाचणी-उड्डाण होते. विमान उडाले, काही अंतर वर गेले, एका बाजूला कलले आणि कोसळले. अनुभवी वैमानिक मेजर प्लॉयर हिल मरण पावले. यंत्रात बिघाड नव्हता. जमिनीवर असताना विमानाच्या नियंत्रक पृष्ठांना लावून ठेवलेले कुलूप उड्डाणापूर्वी काढायचे राहून गेले होते. विमान एका माणसाच्या स्मृतीला पेलण्यापलीकडे गेले होते. चाचणी-वैमानिकांनी यावर उपाय शोधला तो अधिक प्रशिक्षणाचा नव्हता, तर उड्डाणापूर्वी वाचावयाच्या एका छोट्या यादीचा. पुढे हेच विमान ‘बी-१७’ म्हणून दुसऱ्या महायुद्धात हजारोंच्या संख्येने वापरले गेले. गावंडे यांच्या हातात ही कथा एखाद्या उत्पत्तिपुराणासारखी उभी राहते, आणि तिचे कथन खरोखरच उत्तम आहे.

पण याच बी-१७ विमानाची दुसरीही एक कथा आहे, आणि मानवी घटक अभियांत्रिकीच्या वर्गात सहसा तीच सांगितली जाते. युद्धकाळात हे विमान धावपट्टीवर सुखरूप उतरल्यानंतर काही वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाकेच आत घेत, आणि उभे विमान पोटावर आदळे. अहवालात ‘वैमानिकाची चूक’ अशी नोंद होई. अल्फॉन्स चपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने विमानाच्या कक्षात डोकावून पाहिले तेव्हा त्याला दिसले की, चाकांचा आणि झडपांचा खटका शेजारीशेजारी होता आणि दोन्ही खटके दिसायला व हाताला सारखेच होते. त्याने चाकांच्या खटक्याला रबरी चाकाचा आणि झडपांच्या खटक्याला पाचरीसारखा आकार जोडला. अंधारात, दमलेल्या बोटांनाही फरक कळू लागला. पुढे विमानांतील चाकांच्या दांड्याला चाकाचाच आकार असावा, हा संकेत रूढ झाला. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या ‘चुकां’चे ४६० अनुभव तपासले आणि त्यांतील कितीतरी चुकांचे मूळ उपकरणांच्या मांडणीत असल्याचे दाखवून दिले.

पहिल्या कथेत वैमानिकाला आठवण करून दिली जाते. दुसऱ्या कथेत आठवण ठेवण्याची गरजच काढून टाकली जाते. गावंडे यांच्या युक्तिवादात पहिल्या कथेला मध्यवर्ती स्थान आहे, दुसरीला नाही. हा केवळ उदाहरणांच्या निवडीचा प्रश्न नव्हे. रुग्णसुरक्षेच्या अभ्यासकांनी उपायांची एक उतरंड मान्य केलेली आहे : चूक अशक्य करणारी रचना सर्वांत वर, त्याखाली प्रमाणीकरण आणि यंत्राचे साहाय्य, त्याखाली पडताळणीच्या याद्या व दुहेरी तपासणी, आणि अगदी तळाशी प्रशिक्षण व ‘दक्षता घ्यावी’ अशी परिपत्रके. यादीचे स्थान मधले आहे. ‘जाहीरनामा’ या शब्दाला शोभावे इतके उंच ते नाही.

भूलशास्त्राचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. बॉस्टनमधील जेफ्री कूपर हे अभियंते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली भूल देतानाच्या ३५९ अनिष्ट प्रसंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ८२ टक्के प्रसंगांत मानवी चूक आढळली. येथे थांबून ‘भूलतज्ज्ञांनी सावध राहावे’ असे म्हणणे सोपे होते. त्यांनी मात्र नळ्या कोठे सुटतात, कोणते डायल उलटसुलट फिरतात, पाळी बदलताना काय निसटते हे पाहिले. भूलयंत्राच्या ‘पिन इंडेक्स’ व्यवस्थेमुळे नायट्रस ऑक्साइडचे सिलिंडर ऑक्सिजनच्या जागी बसूच शकत नाही. पिना व भोके जुळत नाहीत. हे सिलिंडर बदलणाऱ्याला वायूंचे रसायनशास्त्र ठाऊक असण्याची आवश्यकता नसते. तालुक्याच्या गावातील छोट्या शस्त्रक्रियागृहातही ही व्यवस्था रोज निमूटपणे जीव वाचवत असते, आणि तिच्यावर कोणी पुस्तक लिहीत नाही.

‘अकौशल्य’ ही संकल्पना

पुस्तकाच्या आरंभी गावंडे यांनी सॅम्युएल गोरोविट्झ आणि अ‍ॅलिस्टर मॅकइन्टायर या तत्त्वचिंतकांच्या १९७० च्या दशकातील एका निबंधाचा आधार घेतला आहे. माणसाच्या अपयशाची दोन कारणे : अज्ञान, म्हणजे ज्ञानच उपलब्ध नसणे, आणि अकौशल्य, म्हणजे ज्ञान असूनही ते नीट न वापरणे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकातील तोल अज्ञानाकडून अकौशल्याकडे झुकला, हे गावंडे यांचे निरीक्षण मार्मिक आहे. अज्ञानाला समाज क्षमा करतो, अकौशल्याला करत नाही, हेही ते सांगतात. त्या क्षमाहीनतेतील अन्यायही त्यांना जाणवतो. कामाची गुंतागुंत माणसाच्या आवाक्याबाहेर गेली आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.

तरीही शब्द टिकून राहतो, आणि शब्दाबरोबर त्याची दिशाही. ‘अकौशल्य’ हे विशेषण माणसाला चिकटते. खटक्याला, बाटलीला किंवा पाळीपत्रकाला चिकटत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० सालच्या आपल्या ग्रंथात केलेले चुकांचे वर्गीकरण येथे उपयोगी पडते. चुकीचा बेत आखणे वेगळे आणि योग्य बेत राबवताना हात घसरणे वेगळे. हातून होणारे हे स्खलन कौशल्याच्या अभावातून होत नाही. ते कौशल्यातूनच होते. सवयीने काम करणाऱ्याचे लक्ष कामावरून मोकळे होते म्हणूनच तो घसरतो. नवशिकी परिचारिका प्रत्येक अ‍ॅम्प्यूलवरचे नाव दोनदा वाचते. ज्या सिस्टरने वीस वर्षे तीच अ‍ॅम्प्यूल त्याच खणातून काढली, तिचा हात न पाहता त्या खणाकडे जातो. एखाद्या दिवशी त्या खणात सारख्याच आकाराची दुसरी अ‍ॅम्प्यूल असेल, तर तिचा अनुभवच तिला दगा देतो.

संहत पोटॅशियम क्लोराइडचे उदाहरण घ्यावे. पातळ न करता शिरेतून दिल्यास ते हृदय बंद पाडते, आणि त्याची अ‍ॅम्प्यूल इतर निरुपद्रवी द्रावणांच्या अ‍ॅम्प्यूलसारखी दिसू शकते. अमेरिकेतील रुग्णालय-मानांकन आयोगाने १९९८ मध्ये सुरक्षाविषयक इशाऱ्यांची मालिका सुरू केली, तेव्हा पहिलाच इशारा या औषधाविषयी होता. आणि त्यातील मुख्य सूचना होती ती वॉर्डातील साठ्यातून ही अ‍ॅम्प्यूल काढून टाकण्याची. जी वस्तू खणात नाही ती चुकून उचलता येत नाही. व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगावरील औषधाबाबतही हेच घडले. ते शिरेतून द्यावयाचे. मणक्यात दिल्यास जवळजवळ नेहमीच प्राणघातक. दोन्ही मार्गांनी औषध देण्याच्या सिरिंज सारख्याच, सुयांची जोडही सारखीच. इशारे, लेबले, तपासण्या असूनही अनेक देशांत मृत्यू होत राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सुचवलेला उपाय साधा होता : हे औषध सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाइन-पिशवीतून द्यावे. पिशवी मणक्याच्या सुईला कोणी जोडायला जात नाही.

या सर्व उपायांत औषध देणाऱ्याच्या कौशल्याविषयी एकही शब्द उच्चारला जात नाही. गावंडे यांचे प्रतिपादन या परंपरेशेजारी ठेवले की, त्यांनी या शास्त्राचे निदान अर्धेच स्वीकारले आहे हे ध्यानात येते. माणसाच्या मर्यादा त्यांना पूर्ण मान्य आहेत. पण उपाय मात्र त्यांनी पुन्हा माणसाच्या शिस्तीवरच सोपवला आहे. पुस्तकाच्या उत्तरार्धात शिस्तीचे गुणगान वाढत जाते, ते यामुळेच.

मिशिगनमध्ये नेमके काय घडले

पुस्तकातील वैद्यकीय पुराव्याचा कणा म्हणजे पीटर प्रोनोव्होस्ट यांचे काम. अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या मोठ्या शिरेत नळी घालताना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून त्यांनी २००१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पाच पायऱ्यांची यादी केली : हात धुणे, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणे, रुग्णाला निर्जंतुक आच्छादनाने झाकणे, मास्क-गाऊन-हातमोजे घालणे, आणि नळी घातल्यावर जागेवर निर्जंतुक पट्टी लावणे. पुढे मिशिगन राज्यातील १०३ अतिदक्षता विभागांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. दर हजार नलिका-दिवसांमागील संसर्गाचा मध्यांक २.७ वरून शून्यावर आला होता. आधुनिक रुग्णसुरक्षेतील हे सर्वांत देदीप्यमान यश मानले जाते.

यादीमुळे हे घडले काय ? गावंडे प्रामाणिक निवेदक असल्यामुळे त्यांच्याच पानांत उत्तर सापडते. हॉपकिन्समध्ये डॉक्टरने पायरी गाळल्यास त्याला थांबवण्याचा अधिकार परिचारिकांना देण्यात आला, आणि त्यांच्यामागे प्रशासन उभे राहिले. मिशिगनमध्ये प्रत्येक विभागाशी एक वरिष्ठ प्रशासकीय अधिकारी जोडला गेला. या अधिकाऱ्यांनी वॉर्डात पाऊल टाकल्यावर त्यांना कळले की क्लोरहेक्सिडिन बहुतेक विभागांत उपलब्धच नव्हते. ते त्यांनी मिळवून दिले. नळीचा संच बनवणाऱ्या कंपनीला गळ घालून आच्छादन आणि क्लोरहेक्सिडिन त्याच संचात समाविष्ट करून घेण्यात आले. संसर्गाचे आकडे दर महिन्याला गोळा होऊन संबंधितांपुढे ठेवले जाऊ लागले.

संच एकत्र बांधणे हे मानवी घटक अभियांत्रिकीचे निखळ उदाहरण आहे. पूर्वी डॉक्टरला चार ठिकाणांहून चार वस्तू जमवाव्या लागत. घाईत एखादी राहून जाई. आता पाकीट फोडले की सर्व वस्तू हाताशी. यादीतील पाचांपैकी दोन पायऱ्या त्या पाकिटाने जवळजवळ आपोआप करून टाकल्या. पास्कल करायॉन व सहकाऱ्यांनी विस्कॉन्सिन येथे २००६ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात माणूस, काम, साधने, भौतिक परिसर आणि संस्था हे पाच घटक परस्परांशी बांधलेले दाखवले आहेत. मिशिगनमध्ये या पाचही ठिकाणी हात घातला गेला होता. यादी ही त्या सर्व बदलांची डोळ्यांना दिसणारी, खिशात मावणारी खूण होती. चार्ल्स बॉस्क, मेरी डिक्सन-वूड्स आणि स्वतः प्रोनोव्होस्ट यांनी २००९ मध्येच ‘लॅन्सेट’मधील छोट्या लेखात याविषयी सावध केले होते. यशाचे श्रेय साध्या यादीला देणे म्हणजे त्यामागील सामाजिक परिवर्तन झाकून टाकणे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. गावंडे यांचे पुस्तक त्याच वर्षाच्या अखेरीस आले, आणि वाचकांच्या मनात उरली ती यादीच.

परीक्षेचे निकाल

जागतिक आरोग्य संघटनेसाठी गावंडे यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली १९ कलमांची शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी २००८ मध्ये जाहीर झाली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर जाण्यापूर्वी असे तिचे तीन थांबे आहेत. सिअ‍ॅटल, टोरांटो, लंडन, ऑकलंड, अम्मान, मनिला, नवी दिल्ली आणि टांझानियातील इफाकारा येथील आठ रुग्णालयांत तिची चाचणी झाली. जानेवारी २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेले निष्कर्ष विस्मयकारक होते. मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. हा अभ्यास ‘आधी आणि नंतर’ या पद्धतीचा होता, तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता. त्यातील एका आकड्याकडे फारसे लक्ष गेले नाही. निवडलेल्या सहा सुरक्षा-कृती सर्वच्या सर्व पार पडण्याचे प्रमाण ३४.२ टक्क्यांवरून ५६.७ टक्क्यांवर गेले. म्हणजे यादी समोर असतानाही चाळीस टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या बाबतीत काही ना काही राहूनच जात होते. मृत्यू निम्म्यावर आले ते नेमके कशामुळे, हा प्रश्न तेथेच उभा राहायला हवा होता.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने ही यादी सक्तीची केली. तेथील १०१ रुग्णालयांतील दोन लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास मार्च २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. यादीपूर्वी मृत्यूचे प्रमाण ०.७१ टक्के, यादीनंतर ०.६५ टक्के, फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. कागदोपत्री यादीचे पालन मात्र जवळजवळ सर्वत्र होत होते.

यावर यादीच्या समर्थकांचे उत्तर असे की, ऑन्टारिओत यादी भरली गेली, वापरली गेली नाही. त्याच अंकातील संपादकीयात रुग्णसुरक्षा चळवळीचे अध्वर्यू ल्यूशियन लीप यांनीही अशाच अर्थाचे विवेचन केले. दक्षिण कॅरोलायना राज्यात स्वेच्छेने सहभागी होऊन कार्यक्रम पूर्ण करणाऱ्या १४ रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण घटल्याचे २०१७ मध्ये दिसून आले, हा पुरावाही त्या बाजूने देता येतो. उत्तर खरे असण्याचा संभव आहे. पण त्यात एक तार्किक खाच आहे. यश आले तर ते यादीचे, अपयश आले तर ते वापरणाऱ्यांचे, अशी वाटणी केली की यादी कधीच खोटी ठरू शकत नाही. शिवाय खुणा करण्यापुरतीच ‘भरली’ जाणे हा जर यादीचा स्वभावच असेल, तर तो दोष मानवी घटकांच्या दृष्टीने यादीच्या रचनेचा आहे. सारखे दिसणारे दोन खटके चुकीचे वापरले गेले म्हणून चपानिसने वैमानिकांना दोष दिला नव्हता.

पुस्तकातील हडसन नदीच्या प्रसंगाचेही पुनर्वाचन करावे लागते. १५ जानेवारी २००९ रोजी पक्ष्यांच्या धडकेने दोन्ही इंजिने बंद पडलेले विमान कॅप्टन सलेनबर्गर यांनी न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर सुखरूप उतरवले. गावंडे यांनी त्यात शिस्तबद्ध सांघिक कामाचा विजय पाहिला, आणि ते रास्तच आहे. पण अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या २०१० च्या अहवालातून असे दिसते की, दोन्ही इंजिने बंद पडल्यास वाचावयाची यादी पुष्कळ उंचीवरील प्रसंग गृहीत धरून तयार केली होती. या विमानाला इतका वेळ नव्हता, आणि वैमानिकांना ती पूर्ण करता आली नाही. साहाय्यक वीजयंत्र सुरू करण्याची पायरी यादीत बरीच खाली होती. कॅप्टनने ते आपणहून आधीच सुरू केले. हा अहवाल पुस्तकानंतरचा असल्याने लेखकाला त्याबद्दल बोल लावता येत नाही. मात्र आज हा प्रसंग यादीच्या बाजूने सांगताना ही माहिती गाळता येणार नाही.

एवढे म्हटल्यावर पुस्तकातील दोन प्रकरणांचे मोल आवर्जून सांगितले पाहिजे. स्वतःच्या शस्त्रक्रियागृहात पहिली यादी कशी फसली, ती लांबलचक आणि संदिग्ध कशी होती, याचे गावंडे यांनी केलेले वर्णन प्रांजळ आहे. बोइंगमधील डॅनियल बूर्मन यांच्याकडून ते यादी कशी लिहावी हे शिकतात, तो भाग तर या शास्त्राचा उत्तम पाठ ठरावा. यादी कोठे थांबून वाचायची, किती शब्द, कोणता टाइप, प्रत्यक्ष कक्षात किती वेळा तपासायची, हे सारे तेथे आहे. यादीसुद्धा एक यंत्रच आहे आणि तिचीही रचना करावी लागते, हे भान या प्रकरणात जागे आहे. ते पुस्तकभर टिकते तर प्रस्तुत लेखाला फारसे काम उरले नसते.

भारतीय संदर्भ

यादीची सर्वांत कठोर परीक्षा भारतात झाली. सुरक्षित प्रसूतीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या यादीचा ‘बेटरबर्थ’ हा प्रयोग उत्तर प्रदेशातील २४ जिल्ह्यांतील १२० आरोग्य केंद्रांत झाला. त्यात दीड लाखाहून अधिक माता व नवजात बालकांचा समावेश होता, आणि संशोधकांत स्वतः गावंडे होते. आठ महिने प्रशिक्षक केंद्रांत येऊन परिचारिकांना साहाय्य करत. दोन महिन्यांनंतर आवश्यक कृतींचे प्रमाण ७२.८ टक्के होते, तर यादी नसलेल्या केंद्रांत ४१.७ टक्के. प्रशिक्षकांचे येणे थांबल्यावर, बाराव्या महिन्यात, ते ६१.७ टक्क्यांवर उतरले. मृत्यू व गंभीर गुंतागुंतीचे एकत्रित प्रमाण मात्र एकीकडे १५.१ टक्के, दुसरीकडे १५.३ टक्के; म्हणजे फरक नाहीच. डिसेंबर २०१७ मध्ये हे निष्कर्ष लपवाछपवी न करता प्रसिद्ध झाले, ही या संशोधकांच्या सचोटीची साक्ष होय. वर्तन सुधारले, परिणाम बदलला नाही. रक्त, तज्ज्ञ डॉक्टर, पुढील रुग्णालयापर्यंत नेणारे वाहन या गोष्टी यादीवर लिहिता येतात, पण यादीतून निर्माण होत नाहीत.

गावंडे यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. ‘बेटर’ (२००७) या आधीच्या पुस्तकात त्यांनी नांदेडच्या शासकीय रुग्णालयाचे वर्णन केले आहे. अपुरी साधने, रुग्णांची रीघ, आणि त्यातूनही नवी तंत्रे शोधणारे शल्यचिकित्सक तेथे भेटतात. त्या पानांतील आदराचा विषय प्रसंगावधान आणि कल्पकता हा आहे. दोन वर्षांनंतरच्या पुस्तकातील आदराचा विषय शिस्त. नांदेडचे डॉक्टर ‘जाहीरनाम्या’च्या चौकटीत कोठे बसतात, या प्रश्नाला लेखकाने हात घातलेला नाही. कृतीने मात्र घातला. शस्त्रक्रियेच्या यादीत रुग्णाच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला असून तो चालू आहे, असे एक कलम आहे. जेथे ऑक्सिमीटरच नाही तेथे या कलमापुढे काय लिहावे ? २०११ मध्ये गावंडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली ‘लाइफबॉक्स’ ही संस्था गरीब देशांतील शस्त्रक्रियागृहांना हेच उपकरण पुरवू लागली. या संस्थेला पुस्तकाचे न लिहिलेले शेवटचे प्रकरण म्हणता येईल.

यादीतील एक कलम वेगळेच आहे. छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व भूमिका सांगावी, असे ते कलम. आपल्याकडील शस्त्रक्रियागृहात भूमिका सर्वांना असतात, नावे थोड्यांना. ‘सर’, ‘मॅडम’, ‘सिस्टर’, ‘मामा’, ‘मावशी’ या संबोधनांत आदर व आपुलकी आहे, तशीच उतरंडही आहे. “सर, हातमोजे बदलायचे राहिले,” हे वाक्य व्याकरणदृष्ट्या सोपे आणि सामाजिकदृष्ट्या अतिशय अवघड आहे. नावे उच्चारून घेतल्याने ते थोडे सोपे होते, असा या कलमामागील विचार. बाकीच्या अठरा कलमांपेक्षा यात मानवी घटकांचा विचार अधिक आहे. आपल्या छापील नमुन्यांत मात्र हे कलम बहुधा एका चौकोनापुरते उरते, आणि नमुनाही बहुधा इंग्रजीत असतो.

रुग्णालय-मानांकनाच्या राष्ट्रीय मंडळाची स्थापना २००५ मधील. चुकीचा रुग्ण, चुकीची बाजू, चुकीची शस्त्रक्रिया टाळण्यासाठी लेखी कार्यपद्धती असावी, ही मानांकनाची अपेक्षा योग्यच आहे. पण लेखी कार्यपद्धतीला स्वाक्षरी लागते, आणि स्वाक्षरी बहुतेक वेळा परिचारिकेची असते. ज्या संस्थेत चूक झाली की आधी ‘कोणी केले’ हे विचारले जाते, तेथे ही स्वाक्षरी सुरक्षेचे साधन न राहता पुरावा बनते. कारणे दाखवा नोटिशीला जोडायला ती सोयीची असते. ‘अकौशल्य’ हा शब्द कोठे जाऊन पोहोचतो, ते येथे दिसते.

सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २००५ मधील ‘जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य’ हा निवाडा या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. १९९५ मध्ये लुधियाना येथील एका रुग्णालयात श्वास घेण्यास त्रास होत असलेल्या वृद्ध रुग्णाला ऑक्सिजन लावण्यात आला. सिलिंडर रिकामे निघाले. दुसरे आणले गेले, पण ते सुरू होण्यास वेळ लागला, आणि रुग्ण दगावला. डॉक्टरांवर फौजदारी खटला भरण्यात आला. न्यायालयाने तो रद्द केला. ऑक्सिजन उपलब्ध नसल्याबद्दल रुग्णालयाचे दिवाणी उत्तरदायित्व असू शकेल, डॉक्टरांचा फौजदारी अपराध मात्र ठरत नाही, असे म्हटले. या निवाड्यात मानवी चूक आणि दोषारोप यांविषयी अ‍ॅलन मेरी व अलेक्झांडर मॅक्कॉल स्मिथ यांच्या २००१ सालच्या ग्रंथाचा विस्तृत आधार घेतलेला आहे. हे मेरी ऑकलंडचे भूलतज्ज्ञ; आठ शहरांतील यादीच्या अभ्यासाच्या लेखकांत त्यांचेही नाव आहे. म्हणजे हा विचार भारतात प्रथम यादीच्या रूपाने आला असे नाही. यादीच्या तीन वर्षे आधीच तो न्यायालयाच्या दारातून आला होता.

त्या खोलीत यादी असती तर ‘ऑक्सिजन तपासला’ या कलमापुढे कोणाची तरी खूण असती, आणि खटल्याला एक आरोपी अधिक सहज मिळाला असता. मानवी घटकांचा अभ्यासक त्या खोलीत शिरता तर त्याने वेगळ्या गोष्टी विचारल्या असत्या. भरलेली आणि रिकामी सिलिंडरे एकाच कोपऱ्यात ठेवली जात होती काय ? रिकाम्याच्या मानेला पाटी अडकवण्याची पद्धत होती काय ? दाबमापकाचा काटा खाटेजवळ उभे राहून दिसत होता, की वाकून पाहावे लागे ? दुसरे सिलिंडर सुरू करण्याचा पाना कोठे टांगलेला होता, आणि त्या पाळीला तो वापरता येणारे कितीजण मजल्यावर होते ?